पिस्तुलाचा अर्ज ही आधी तक्रार असते

परवा संध्याकाळी नाक्यावर वडापाव घेत उभा होतो. बाजूला आमच्याच गल्लीतली चार पोरं. एक दुसऱ्याला सांगत होता, "याच्या पप्पांना घोडा मिळणारे. लायसनवाला. आता बघू कोण वाकड्यात जातो ते." ज्याच्या पप्पांबद्दल चाललं होतं तो पोरगा, वय वर्षं १९, काही बोलला नाही. नुसता हसला. पण छाती दोन इंच फुगलेली मला दिसली.

त्याचे पप्पा माझा शाळेपासूनचा मित्र. नाव लिहीत नाही. पोस्ट टाकतोय हे त्याला सांगितलंय. "नाव सोडून काय लिहायचं ते लिही," म्हणाला.

पोस्ट मोठी आहे, पण आपल्याकडे पुनर्विकासात अडकलेल्या निम्म्या इमारतींमध्ये आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे. म्हणून वाचा.

तर झालंय असं. मित्राची इमारत जुनी, पागडीची. पुनर्विकासाचं घोडं तीन वर्षं अडलेलं. हा भाडेकरूंच्या कमिटीचा सेक्रेटरी. स्वभाव सरळ, जरा जास्तच सरळ. मीटिंगमध्ये कागद मागतो, करार वाचल्याशिवाय सही करत नाही आणि दुसऱ्यांनाही करू देत नाही. गेल्या वर्षी रात्री-बेरात्री फोन सुरू झाले. आधी शिव्या. मग, "सेक्रेटरी, तुमचा मुलगा कुठल्या क्लासला जातो ते माहितीये आम्हाला." त्या फोननंतर वहिनींनी मुलाला एकट्याने क्लासला पाठवणं बंद केलं.

हा पोलीस ठाण्यात गेला. एन.सी. घेतली. "नंबर बंद येतोय, पुन्हा फोन आला तर या." पुन्हा आला, पुन्हा गेला, पुन्हा एन.सी. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. एक दिवस फाइल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आयुक्त ऑफिसला हत्याराच्या परवान्याचा अर्ज टाकतोय. पोलीस चौकशीला आले की आजूबाजूला विचारतात. तुला विचारलं तर नीट सांग."

मी "हो" म्हणालो. मित्र आहे, दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्री झोप लागली नाही.

मी नायगावात वाढलोय. सकाळी पोलीस हेडक्वार्टरच्या मैदानावरच्या परेडचा आवाज ऐकत आमच्या दोन पिढ्या शाळेत गेल्या. चाळीत पोलीस राहायचे, अजून राहतात. बंदुका आम्ही लहानपणापासून बघितल्यात. पण पोलिसाच्या बंदुकीचं एक असतं. ती ड्युटीला जाताना सही करून घ्यायची, आल्यावर सही करून परत द्यायची. गोळ्या मोजून मिळतात, मोजून परत जातात. नेमबाजीचा सराव होतो. शेजारचे एक रिटायर्ड जमादार काका म्हणायचे, "बंदूक माझी नव्हती रे, मी बंदुकीचा होतो. एक गोळी कमी आली तर झोप उडायची." ज्यांचा हा पेशा, त्यांची ही गत. आणि इथे माझा मित्र १८० चौरस फुटांच्या खोलीत पिस्तूल आणायचं म्हणतोय.

आता नियम काय आहेत ते थोडक्यात सांगतो. "पैसे टाकले की मिळतं" असं म्हणणारे पण आहेत आणि "आपल्याला कधीच मिळणार नाही" असं म्हणणारे पण.

कायदा १९५९ चा, शस्त्र अधिनियम. त्याखालचे नियम २०१६ चे. मुंबईत परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, ग्रामीण जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. वय किमान २१ पाहिजे. फॉर्म ए-१ भरायचा, ओळख-पत्त्याचे कागद जोडायचे, तब्येतीचा आणि मनःस्थितीचा डॉक्टरी दाखला द्यायचा, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यायचं. मग स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. गुन्हे आहेत का, माणूस कसा आहे, धोका खरा आहे का. सामान्य माणसाला .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर-पिस्तूल मिळू शकतं. ९ मिलिमीटरसारखी प्रतिबंधित बोअरची हत्यारं म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाचं काम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झालीये. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नाकारलं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, अपील करता येतं.

अजून एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे कायदा गरीब-श्रीमंत बघत नाही. बाजार बघतो. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची किंमतच सव्वा लाखाच्या आसपास होती. आमच्या भागातल्या किती बायकांना ते परवडलं असतं?

आणि हा आपला हक्क नाही, हे लक्षात घ्या. अमेरिकेत तो संविधानात आहे, आपल्याकडे नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा हत्यारांबद्दलच्या सुनावणीत हेच बोलून दाखवलं होतं. ही सरकारने दिलेली सवलत आहे, सरकार काढूनही घेऊ शकतं. निवडणूक लागली की भल्याभल्यांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात.

मग मित्राला मी काय म्हणालो?

दुसऱ्या दिवशी त्याला गच्चीवर नेलं. म्हटलं, "अरे, तू ते ठेवणार कुठे?"

"गोदरेजच्या कपाटात. लॉकरला."

"चावी?"

"देवाच्या फोटोमागे." मग तोच हसला. ती चावी देवाच्या फोटोमागे असते हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे. गणपतीत दागिने काढताना चार जणींसमोर काढतात.

म्हटलं, "फोनवाला माणूस तुला वेळ सांगून येणारे का? तो येईल तेव्हा तू भाजी घेत असशील, नाहीतर जिन्यात असशील. कपाटातलं पिस्तूल काय करणार?"

हे मी हवेत बोलत नव्हतो. गिरणगावाने नव्वदच्या दशकात काय काय बघितलं ते आमच्या वयाच्या लोकांना सांगायला नको. ७ मे १९९४ ला सुनीत खटाव महालक्ष्मीला गाडीत मारले गेले. १६ जानेवारी १९९७ ला डॉ. दत्ता सामंत पवईला घराजवळ, गाडी अडवून. आणि अगदी अलीकडे, १२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र, वांद्र्याला बाबा सिद्दिकी. माजी मंत्री, पोलीस संरक्षण मिळालेला माणूस. मारणारा वेळ आणि जागा स्वतः ठरवतो, हाच त्याचा फायदा असतो. कमरेला काय आहे याने तो फायदा जात नाही.

घरातल्या हत्याराचा दुसरा धोका घरातल्यांनाच. त्याच महिन्याच्या १ तारखेला अभिनेता गोविंदा पहाटे बाहेर निघताना त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि पायात घुसली. थोडक्यात निभावलं. तो प्रौढ माणूस, हत्यार त्याच्या सवयीचं, तरी असं झालं. आपल्या घरात १९ वर्षांचा पोरगा आहे, ज्याचे मित्र वडापावच्या गाडीवर "घोडा" "घोडा" करतायत. आणि आणखी एक गोष्ट, जी आपण घरात बोलत नाही. कधी कोणाचं मन खचलेलं असतं, परीक्षा, नोकरी, कर्ज, भांडण. अमेरिकेत बंदुकीने जे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने मरतात. रागाची किंवा निराशेची दहा मिनिटं प्रत्येक घरात येतात. त्या दहा मिनिटांत हाताशी काय आहे, यावर सगळं असतं.

आणि परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा, हेही मुंबईने पाहिलंय. ८ फेब्रुवारी २०२४, दहिसर-बोरिवली भागात अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या. पोलीस तपासानुसार पिस्तूल गोळ्या घालणाऱ्याच्या अंगरक्षकाचं, आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशचा. म्हणजे कुठेतरी एका कार्यालयात एका माणसाची चौकशी झाली, शिक्का बसला, आणि ते हत्यार हजार-दीड हजार किलोमीटरवर भलत्याच माणसाच्या हातात सापडलं. २०१६ अखेरच्या आकडेवारीत देशात ३३ लाखांहून जास्त परवाने होते, त्यातले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात.

मित्राने सगळं ऐकून घेतलं. मग एकच वाक्य बोलला.

"बरोबर आहे तुझं सगळं. मग मी काय करू ते सांग."

इथे मी गप्प झालो. आणि खरं सांगतो, ही पोस्ट त्या गप्प बसण्यातून आलीये.

त्याला पिस्तुलाची हौस नाहीये. त्याने आयुष्यात दिवाळीची टिकलीची बंदूक सोडून काही उडवलेलं नाही. तो दोनदा रीतसर पोलिसांकडे गेला. दोनदा त्याला कागद मिळाला. एन.सी. म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. म्हणजे नोंद झाली, काम झालं नाही. त्याच्यापुढे सरकारचं जे पुढचं टेबल उघडं होतं, ते हत्याराच्या परवान्याचं होतं. म्हणून तो तिथे गेला.

आता गंमत बघा. नियमांप्रमाणे परवाना मागताना त्याला दाखवावं लागणार की माझ्या जिवाला खरा धोका आहे. त्यासाठी तो कुठला कागद जोडणार? त्याच दोन एन.सी. ज्या एन.सी.वर पोलीस ठाण्यात काही हललं नाही, त्याच एन.सी. आता परवान्याच्या फाइलीत पुरावा. चौकशीला तेच पोलीस ठाणं. ते लिहिणार, धोका आहे किंवा धोका नाही. धोका नाही असं लिहिलं तर परवाना नाही, ठीक. पण धोका आहे असं लिहिलं, तर मग साहेब, धोका देणारा माणूस कोण आहे ते शोधायचं कोणी? माझ्या मित्राने? .३२ घेऊन?

माझं म्हणणं एवढंच आहे. परवान्याचा प्रत्येक अर्ज ही आधी एक तक्रार असते. "मला भीती वाटते आणि तुम्ही मला वाचवाल यावर माझा विश्वास उरलेला नाही," असं एक नागरिक सरकारला लेखी देतोय. या कागदावर "मंजूर" किंवा "नामंजूर" एवढंच उत्तर येऊन चालणार नाही. मंजूर केलं तर सरकारने आपली जबाबदारी सव्वा लाखाच्या लोखंडात घालून त्याच्या कपाटात ठेवली. नामंजूर केलं तर तो जिथे होता तिथेच, वर आता कळलंय की हाही दरवाजा बंद. दोन्ही वेळी फोन करणारा माणूस मोकळाच.

यावर लोक म्हणतील, "तुझा मित्र साधा आहे म्हणून अडकलाय, वजनदार माणसाला बरोबर मिळतं." दुर्दैवाने याला उत्तर नाही. बीडचं बघा. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि मग महाराष्ट्राला कळलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने आहेत. कमरेला पिस्तूल लावलेल्यांचे, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले. मग छाननी झाली आणि परवाने रद्द व्हायला लागले. जे परवाने महिन्याभरात रद्द करण्यासारखे निघाले, ते दिले कसे गेले होते? ते देताना पण अहवाल आले असतीलच की.

आणि पुण्याचं. गुंड नीलेश घायवळच्या भावाला पुणे पोलीस आयुक्तांनी परवाना नाकारला. त्याने अपील केलं. जून २०२५ मध्ये गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी तो देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये हे बाहेर आल्यावर गदारोळ झाला. मंत्र्यांचं म्हणणं, कोर्टाने त्याला निर्दोष सोडलंय, गुन्हा प्रलंबित नाही. पोलिसांनी प्रत्यक्षात परवाना दिलाच नाही. कोण बरोबर कोण चूक, त्यावर पक्षवाल्यांनी भांडावं. माझा प्रश्न वेगळा आहे. अपील हा अधिकार माझ्या मित्रालाही आहे. कायद्यात दोघं सारखेच. पण त्याची फाइल मंत्र्यांच्या टेबलापर्यंत जाईल आणि वाचली जाईल, असं तुम्हाला वाटतं का? छातीवर हात ठेवून सांगा.

म्हणून मला असं वाटतं. चुकत असेन तर सांगा.

पहिलं, धोक्याचं कारण देऊन परवान्याचा अर्ज आला की त्यातली धमकी स्वतंत्रपणे तपासली जावी आणि तिचं काय झालं ते अर्जदाराला लेखी कळावं. परवाना मिळो न मिळो.

दुसरं, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या आयुक्तालयात किती परवाने, दर वर्षी किती दिले, किती नाकारले, अपिलात किती फिरवले, हे आकडे सरकारने स्वतःहून जाहीर करावेत. नावं नकोत, नावं दिली तर चोरालाच पत्ता मिळेल. आकडे द्या. बीड कळायला एका सरपंचाचा जीव जायला नको होता.

तिसरं, अपिलात पोलिसांचा नकार फिरवला तर त्याची कारणं सविस्तर लिहिलेली असावीत आणि ती बघता यावीत.

काही जण म्हणतील, सराफ आहे, रोकड नेणारा आहे, जंगलालगतचा शेतकरी आहे, त्यांना गरज असते. असते. मी परवाने बंद करा म्हणत नाहीये. त्यांना चौकशी करून द्यावेत, नियमातही तसं आहे. पण परवाना म्हणजे गोळी झाडायची परवानगी नव्हे, हे त्यांनाही माहीत पाहिजे. स्वसंरक्षणाचा हक्क हत्यार असो-नसो सगळ्यांना आहे, आणि त्याच्या मर्यादाही सगळ्यांना आहेत. गोळी सुटल्यावर ती मर्यादेत होती का हे कोर्ट ठरवतं, आणि तोवरची वर्षं तुमची जातात.

आता मित्राचं पुढे काय झालं ते.

गच्चीवरून खाली आल्यावर आम्ही दोघांनी बसून एक अर्ज लिहिला. परवान्याचा नाही, तक्रारीचा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, काय बोलला ते जसंच्या तसं, एका कॉलचं रेकॉर्डिंग. पैसे किंवा सही उकळण्यासाठी दिलेली धमकी ही नुसती शिवीगाळ नसते, हे एका वकील मैत्रिणीने समजावलं, ते त्यात घातलं. पोलीस ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी उपायुक्तांकडे पाठवता येते, त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, मुंबईत गुन्हे शाखेचं खंडणीविरोधी पथक आहे. हे सगळं आम्हाला पन्नाशीत कळलं. शाळेत नागरिकशास्त्राला २० मार्क होते, त्यात हे नव्हतं.

दुसरं, कमिटीच्या सगळ्या सभासदांच्या सह्या घेतल्या. आधी कोणी तयार नव्हतं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पहिली सही केली आणि म्हणाल्या, "एकट्याला फोन येतो, पंचवीस जणांना थोडाच येणारे." त्यानंतर बाकीच्यांना नाही म्हणता आलं नाही. अर्ज उपायुक्तांच्या कार्यालयात दिला. शिक्क्याची पोच घेतली. पोच घ्यायला कधी विसरू नका.

जादू वगैरे काही झालेली नाही. एकदा बोलावून सविस्तर जबाब घेतलाय, एवढंच. मित्राने परवान्याचा अर्ज मागे घेतलेला नाही. "हे झालं तर ते काढतो," म्हणाला. मी जबरदस्ती केली नाही. मुलगा त्याचा आहे, फोन त्याला येतात, रात्री जाग त्याला येते.

आणि पोलीस माझ्याकडे चौकशीला आले तर मी काय सांगणार, हे मी त्याला सांगून टाकलंय. माणूस चांगला आहे. दारू नाही, भांडण नाही, गुन्हा नाही. भीती खरी आहे. घर १८० चौरस फुटांचं आहे, घरात तरुण मुलगा आहे आणि कपाटाची चावी सगळ्या मजल्याला माहीत आहे. हे सगळं लिहून घ्या, साहेब. आणि मग मला एक विचारायचंय, त्या दोन एन.सी.चं पुढे काय झालं?

हे ऐकून मित्र थोडा रागावला. मग म्हणाला, "शेवटचं ते मोठ्याने विचार."

नक्की विचारणार.

तुमच्या इमारतीत कोणाला असे फोन येत असतील तर त्याला एकटं सोडू नका. त्याच्यासोबत जा, खाली सही करा. आणि तो नाक्यावरचा पोरगा, त्याला मी उद्या चहाला बोलावलंय. त्याच्याशी पण बोलायचंय.